खांड गेली, धावा

पिक्चरवाल्यांच्या मगरीनं आमच्या गावात सगळ्यात आधी काय खाल्लं असेल, तर आमची हाक. माणसं नंतर खाल्ली, आणि तीही खोटी खोटी.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमचं गाव खारेपाटातलं. एका अंगाला खाडी, तिवरांची झाडी, गुडघाभर चिखल. दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. मध्ये मातीचा बांध. बांध आहे म्हणून भात आहे, नाहीतर खारं पाणी चुलीपर्यंत येईल. हा बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. ज्याला आधी दिसेल त्यानं तिथूनच ओरडायचं, "खांड गेली, धावाऽऽ!" आणि ऐकेल त्यानं घमेलं-फावडं घेऊन पळायचं. जेवत असाल तर ताटावरून उठायचं. भावाभावांचं बोलणं बंद असलं तरी दोघांनी यायचं. माझी सासू ओली बाळंतीण असताना धावली होती. ही हाक कुणी चेष्टेत मारत नाही. लहानपणी आमच्यातल्या कुणी खेळताना मारली असती तर मुस्काट फुटलं असतं.

तर मुंबईचा हा ऋत्विक आला. डायरेक्टर. नागावला घर घेऊन राहिलेला, रोज सकाळी गाड्यांचा ताफा घेऊन आमच्या बांधावर. कसला पिक्चर, तर दलदलीत राहणारी मगर गाव खाते. अरे बाबा, आमच्या खाडीत कोल्हे आहेत, खेकडे आहेत, पाणसाप आहेत. मगर माझ्या आज्यानं पाहिली नाही! पण त्याला मगरच हवी होती. टेम्पोएवढी फायबरची मगर आणली, आत लोखंडाचा जड सांगाडा, जबडा मोटरवर उघडायचा. ती पाण्यात उतरवायला बांधावरून जेसीबी नेला. जेसीबीच्या चाकांनी बांध एका जागी असा बसला की तिथं घळच पडली.

माझा दीर दिनानाथ गावातली माणसं पुरवायचा त्यांना. मी त्याला म्हटलं, "भावजी, ती घळ आजच भरा. कोजागरीचं उधाण येतंय."

"भरू वो वहिनी. पॅकअप झालं का भरू. तुमचा आपला जीव घाबरा."

वर यानंच त्या ऋत्विकला हाकेचं सांगितलं. तो तर उड्याच मारायला लागला. पिक्चरमध्ये मगर बांध फोडते आणि गाव धावतं, असा सीन घातला. माझी सून प्राप्ती, तिला बांधावर उभी करून हाक मारायला लावली. मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, "ही हाक खेळायची न्हाय." प्राप्ती म्हणाली, "आई, पिक्चरच तर हाय." दिनानाथ हसला. जळलं मेलं ते हसणं.

मग रोज तेच. प्राप्तीनं ओरडायचं, गावानं फाटके कपडे घालून धावायचं. कट. कुणी हसलं, पुन्हा. कुणाच्या हातात मोबाईल दिसला, पुन्हा. हळूहळू माणसं हाक ऐकून उठेनाशी झाली. आधी केस विंचरायची, तोंडाला मेकअपवाल्याचा चिखल लावून घ्यायची, चहा संपवायची, मग रमतगमत निघायची. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे. मी ओरडून ओरडून दमले, कुणाला पडली होती!

कोजागरीच्या दिवशी भर दुपारी उधाणाचं पाणी चढलं. गाव आणि पिक्चरवाले देवळासमोरच्या मांडवात जेवत होते. मला अन्न जाईना, मी बांधावर गेले. त्या चाकांच्या घळीतून पाणी शेतात उतरत होतं. बारीक धार. खाली माझं भात, दाणा भरलेलं, दिवाळीला कापायचं. मी घळीत बसकण मारली, पाठीनं पाणी अडवलं, दोन्ही हातांनी चिखल ओढला आणि जीव खाऊन ओरडले, "खांड गेलीऽऽ, धावा रे, धावा!"

मांडवातून लोकांनी हात हलवला. हलवला! दिनानाथ ओरडला, "जेवून येतो वो!"

मी ओरडतच राहिले. घशातून रक्त यायचं बाकी होतं. पाण्यानं माझ्या दोन्ही बाजूंची माती नेली. शेवटी प्राप्ती आली, चालत. तोंडाला चिखल, पदर नीट पिनांनी टाचलेला. इकडेतिकडे बघत मला विचारते, "आई, कॅमेरा कुठं हाय?"

तेवढ्यात माझ्या खालचा बांधच गेला. प्राप्तीनं केसांना धरून ओढलं म्हणून मी वाचले. मग ती किंचाळली, तेव्हा कुठं गाव धावलं. पण तोवर बैलगाडी जाईल एवढ्या खांडीतून पाणी आत घुसत होतं, आणि भात बुडत होतं.

भात गेलं ते गेलं. माझं एकटीचं नाही, अख्ख्या गावाचं. पण खरं रडणं पुढं होतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, खांड तेव्हाच बांधून घ्यायची. ऋत्विक म्हणाला, "राहू द्या ना काही दिवस, काय खरीखुरी दलदल झालीये! शूटिंग संपलं की आम्हीच बांधून देऊ." आणि दिनानाथनं मान डोलावली. भात गेलेलं, रोजचे पैसे मिळायचे ते पिक्चरवाल्यांकडूनच; माणसं खाली मान घालून पुन्हा शूटिंगला गेली. माझ्याशी डोळा भिडवत नव्हती. मी आणि प्राप्ती, दोघींनी चिखलाची घमेली टाकली, पोरगी रडत रडत टाकायची. पाणी सगळं घेऊन जायचं. भांगाचे दिवस गेले. आता दिवाळीच्या अमावास्येचं उधाण आलं की खांड एवढी रुंदावणार की पुन्हा बांधता येणार नाही. मग शेतात तिवरं उगवतात. तिवरं उगवली की ते सरकारचं जंगल, कायद्यानं त्याला हात लावायचा नाही. पलीकडच्या गावाची अशी गेली शेतं. सासूनं बाळंतपणात राखलेली जमीन एका फायबरच्या जबड्यापायी जाणार होती.

नरकचतुर्दशीच्या सकाळी, ओहोटी असताना, मी एकटीच चिखल टाकत होते. शूटिंग आदल्या दिवशी संपलं होतं. दिवे गेले, गाड्या गेल्या. बांध बांधून द्यायचं नाव कुणी काढलं नाही. फक्त मगर बांधावर उलथी पडली होती, ट्रकची वाट बघत.

आणि ऋत्विक आला. सोबत गळ्यात रेकॉर्डर अडकवलेला माणूस, हातात लांब काठीवरचा माईक.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही ओरडलात ना, ते आमच्या माईकमध्ये आलंय. काय होतं ते! अंगावर काटा! पण मागं जनरेटरचा आवाज आहे. एकदाच ओरडाल? अगदी तसंच. तीच फीलिंग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं फावडं मी घट्ट धरलं. वाटलं, घालावं टाळक्यात, होऊ दे काय व्हायचं ते. माझं भात बुडताना मी जी हाक मारली, ती याला पुन्हा हवी, साफ करून, कुणा नटीच्या तोंडी घालायला!

मग खाडीकडं बघितलं. पाणी फिरलं होतं. फेस वर सरकत होता.

"ओरडते," मी म्हटलं.

त्यानं माईक पुढं केला. मी माईकला पाठ केली, गावाकडं तोंड केलं आणि पोटातली सगळी आग ओतून ओरडले, "खांड गेलीऽऽऽ, धावा!"

आणि गाव आलं.

शूटिंग संपलेलं सगळ्यांना ठाऊक होतं ना. आता ही हाक खोटी असूच शकत नव्हती. अंगाला उटणं लावलेले बाप्ये तसेच धावले. प्राप्तीच्या हातांना करंजीचं पीठ. दिनानाथ टॉवेलवर, अनवाणी, दोन्ही खांद्यांवर फावडी. धापा टाकत सगळे बांधावर आले आणि समोर बघतात तर माईक.

दिनानाथचं तोंड पांढरं पडलं.

"आता आलात!" मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याचाही राग आला. "आलाच हायत, तर चिखल उचला. पाणी फिरलंय."

उचलला. कुणी दुसऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण खांड रुंद, टाकू तो चिखल वाहून जायला लागला. मध्ये काहीतरी जड हवं, ज्याला माती धरेल. दगड आणायला वेळ नव्हता. दिनानाथ थांबला, घाम पुसला आणि मगरीकडं बघायला लागला. मग सगळेच बघायला लागले.

पहिला हात त्यानंच घातला, शेपटीला.

"अरे, ए! भाड्यानं आणलीये ती!" ऋत्विक बोंबलत पुढं आला. दिनानाथनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो मागं सरकला.

ढकलली खांडीत. धाडकन आडवी बसली, जणू मापाची केली होती. बायकांनी दोन्ही बाजूंनी चिखल रचला. जबडा मात्र मिटेना, आ वासून राहिली मेली. त्यातून पाणी येत होतं.

रेकॉर्डरवाला बाजूला उभा राहून कानावरचा हेडफोन काढत ऋत्विकला हळूच म्हणाला, "सर, ओरडणं मस्त आलंय. एकदम क्लीन."

मी गेले आणि त्याच्या गळ्यातून रेकॉर्डर काढून घेतला. तो घाबरून "मावशी, मावशी" करत राहिला. मी तो मगरीच्या जबड्यात कोंबला, पार आतपर्यंत, आणि वर घमेलंभर चिखल दाबला. प्राप्तीनं दुसरं घमेलं ओतलं. दिनानाथनं तिसरं.

दुपारी उधाण आलं. पाणी मगरीच्या पाठीला लागलं, चिखल चाटत राहिलं आणि तिथंच थांबलं. कुणी घरी गेलं नाही. ओहोटी लागेपर्यंत सगळे बांधावर बसून होते, आणि मी सगळ्यांकडं पाठ करून.