माहेरचा रकाना

लोह्याच्या मसालेवाल्या घरात गुणाबाई आल्या त्या कंधारहून. त्यांची सून कावेरीबाई नायगावची, आणि कावेरीबाईंची सून अयोध्याबाई देगलूरची. तिघींच्या हातचा काळा मसाला एकच, आणि तिघींना गावाने ओळखले ते माहेराच्या नावाने. अयोध्याबाईंची लेक अंबिका विष्णुपुरीला शिकून इंजिनिअर झाली आणि घरचा मसाला तिने इंटरनेटवर विकायला मांडला.

दुकानाचे पान तिने स्वतः बांधले. पैसे भरण्याच्या जागेला असे चोख कुलूप घातले, की गिऱ्हाइकाच्या कार्डाचा आकडा तिच्याही नजरेस पडू नये. तरीही बायका येत, मसाला निवडत आणि पैसे भरण्याची वेळ आली की गुपचूप निघून जात. पडद्यावरच्या कुलपाच्या चित्राने कोणाला धीर येणार?

धीर दिला तो कावेरीबाईंच्या नायगावच्याच, लातूरला नांदणाऱ्या साखराबाईंनी. आपल्या भजनी मंडळातल्या बायकांना त्यांनी ठणकावून सांगितले, "बिनघोर भरा पैसे. पोरगी आपल्यातली हाय. कमीजास्त झालं तर मला धरा, मी जामीन!" त्या शब्दावर अंबिकेचा धंदा उभा राहिला. तो शब्द आपण उसना घेतला आहे, ही जाणीव तिला पुढे चार वर्षे होती. फेडायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

मधल्या काळात अंबिकेने एक युक्ती काढली. पैसे भरण्याच्या पानावर तिने एक रकाना वाढवला: 'तुमचं माहेर कुठलं?' मग प्रत्येक खोक्यावर ती लाल शाईने, ठसठशीत अक्षरात लिहू लागली, 'नायगावच्या लेकीस', 'मुदखेडच्या लेकीस'. परक्या पडद्यावर कोणीतरी माहेर विचारते आहे, एवढ्यानेच बायका विरघळल्या. पैसे न भरता परत जाणे थांबले.

मग एका दुपारी साखराबाईंचा फोन आला.

"अंबिके, दुकानात नवी पोरगी ठेवलीस का गं?"

"न्हाई मावशी. का?"

"नायगावची म्हणली. 'आत्या, मी तुमच्याच गल्लीतली, अंबिकाताईच्या दुकानातून बोलून राहिले.' लई गोड बोलली बघ. पार्सल अडकलंय, मोबाइलवर आकडा आलाय तेवढा सांगा म्हणली."

"मावशी, सांगितला तुम्ही?"

पलीकडून हळूच आवाज आला, "माहेरच्या पोरीला न्हाई कसं म्हणू गं?"

साखराबाईंचे खाते रिकामे झाले होते. त्याच आठवड्यात मंडळातल्या आणखी दोघींची तीच गत झाली. अंबिकेने दुकानाचे पान इथून तिथून उलगडून पाहिले. कुलूप जागच्या जागी होते आणि कोणी आत शिरल्याची खूण नव्हती. कुलूप तुटलेले सापडले असते, तर तिला एवढी धडकी भरली नसती. ती विचार करत बाहेर आली. ओट्यावर त्या दिवशीची खोकी रांगेने ठेवली होती. नाव, मोबाइल नंबर आणि त्याखाली लाल अक्षरात माहेर. जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावे आणि खोके फाडून टाकले की उकिरड्यावरूनही उचलावे. अंबिकेने खोकी उचलून आत नेली.

तिने दुकान बंद केले आणि एकेका गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी फोन लावू लागली. पहिल्याच बाईने विचारले, "तू खरी अंबिका कशावरून? सकाळी पण एक अंबिकाच बोलली की." दुसरीने शिव्या घातल्या. तिसरीने फोन उचललाच नाही. तिचा स्वतःचा आवाज आता तिच्या मालकीचा राहिला नव्हता. तोंड दाखवल्यावाचून गत्यंतर नव्हते. तिने लातूरची एसटी धरली.

साखराबाईंच्या घरी भजनाला बायका जमल्या होत्या, पण टाळ सतरंजीवर तसेच पडून होते. दर खेपेला पहिला अभंग साखराबाईंचा असे. आज त्यांना कोणी पुढे बोलावले नव्हते. त्या भिंतीला टेकून, पदर सावरत बसल्या होत्या.

"या, या," गंगासागरबाई म्हणाल्या. "जामीनदारीणबाई कोपऱ्यात बसल्यात, आन् मालकीणबाई आता आल्या!"

अंबिका उत्तर देणार तोच गंगासागरबाईंचा फोन वाजला. त्यांना कानाने कमी ऐकू येई, म्हणून त्या नेहमी स्पीकर लावत.

"गंगासागर मावशी का? मी मुदखेडची, तुमच्या माहेरची. लोह्याच्या अंबिकाताईच्या दुकानातून बोलून राहिले."

बोलण्याची ढब हुबेहूब अंबिकेची होती. खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"अंबिका इथंच बसली हाय," ती म्हणाली. "तू कोण?"

फोन लगेच कटला नाही. पलीकडची बाई मंद हसली. "ताई," ती अगदी निवांतपणे म्हणाली, "तुमचं अक्षर लई सुरेख हाय." मग फोन बंद झाला.

गंगासागरबाईंनी फोन खाली ठेवला. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे चोर दुसराच हाय. पोरीचा काय दोष?"

अंबिकेला तिथेच सुटता आले असते. बायकांनी दार उघडून दिले होते. तिने पिशवीतून एक खोके काढून सतरंजीवर ठेवले.

"दोष माझाच हाय. कुलूप मी आत घातलं आन् तुमची नावं, नंबर, माहेर खोक्यावर लिहून रस्त्यावर मांडलं. तिनं माझं अक्षर वाचलं, बस्स. साखरामावशी तुमच्याशी खोटं बोलल्या न्हाईत. मी त्यांच्या शब्दाला जागले न्हाई. मसाला कुटायची कांडपाची मशीन विकली. तिघींचे पैसे आजच भरते. आन् मावशींची जामीनकी इथंच सुटली. इथून पुढं कुणाला धरायचं तर मला धरा."

कोणाच्या तरी मांडीवर पुन्हा एक फोन वाजू लागला. नंबर अनोळखी होता. कोणीच हात लावला नाही. तो वाजून वाजून थांबला, आणि लगेच दुसरीच्या पिशवीत वाजू लागला.

गंगासागरबाईंनी टाळ उचलून साखराबाईंच्या पुढ्यात ठेवले. "घ्या बाई, सुरुवात करा. तुमच्याबिगर कोण करणार?"

साखराबाईंनी डोळे पुसले आणि टाळ हाती घेतले. फोन वाजत असतानाच त्यांनी अभंग धरला आणि मागून सगळ्या बायकांनी साथ दिली. दाराशी उभ्या असलेल्या अंबिकेने हात जोडले. तिने उसना घेतलेला शब्द पुरता फिटला होता.