रंध्यासारखा चाललेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना टूथब्रश आहे, राठ केसांचा, अन् हे सगळं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल!

आमच्या मासातेपे गावात, निकाराग्वात, घरोघरी झुलत्या खुर्च्या बनतात. माझी मालकीण याओस्का खुर्च्यांना वेत विणते. ओल्या वेताचं टोक पुढच्या दातांत धरायचं अन् दोन्ही हातांनी ताणायचं. दात गेले की विणकाम गेलं!

तिचे वडील एवारिस्तो सुतार. आमच्याकडे रंध्याला अन् ब्रशला शब्द एकच, 'सेपियो'! मग काय, दुकानातला सगळ्यात राठ म्हणून त्यांनी मलाच उचललं. पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून तिला शिकवायचे, "लांब हात मार, पोरी! लाकूड काय गोंजारून गुळगुळीत होतं?"

मी आडवा सर्र सर्र पळायचो. दात असे चमकायचे, माझं केवढं कौतुक! पण हिरडीच्या काठाशी चिकट थर बसतो ना, तिथं मी शिरतच नव्हतो. वरच्या वर निघून जायचो अन् हिरडी तेवढी सोलायचो. रक्त आलं की एवारिस्तो म्हणायचे, "घाण निघतेय. अजून घास." मला ओरडावंसं वाटायचं, पण ब्रशचं कोण ऐकतं?

एकदा वेत ताणताना पुढचा दात हलला. याओस्काचा चेहरा पांढराफटक! दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दातांना रंग लावून चूळ भरायला सांगितली. दात पांढरे, अन् हिरडीच्या काठानं गुलाबी रेघच रेघ.

"हा सगळा राहिलेला थर."

"अहो बाई, रोज घासते ती! मीच शिकवलंय!" एवारिस्तो म्हणाले.

"घासत नाही, तासते. घरात कुणी सुतार आहे का?"

याओस्का हसायला गेली अन् रडलीच.

बाईंनी मऊ ब्रश दिला. हिरडीशी तिरका टेकवायचा, जागच्या जागी हलकेच हलवायचा.

"दात राहील?" याओस्कानं विचारलं.

"थर बसू दिला नाहीस तर कदाचित. सरकलेली हिरडी मात्र परत येत नाही."

आता मी खुर्च्यांच्या नक्षीतला भुसा काढतो. लाकडावर मी भारी आहे हं! पण कान सारखे टाकीकडे. एवारिस्तोंनीही मऊ ब्रश घेतलाय, तरी सवयीनं हात लांब जातोच.

"पपा! खुर्ची नाहीये ती!"

वेत ती आता चिमट्यात धरते. काम रखडतं, बोटं सोलतात. मित्रांनो, मऊ ब्रश घ्या, हात हलका ठेवा, अन् रक्त दिसलं तर जोर वाढवू नका, दाखवून घ्या.

रोज चूळ भरली की याओस्का जिभेनं तो दात चाचपते. एवारिस्तोंचा रंधा थांबतो.

मग ती म्हणते, "आहे."