उंबऱ्यावर आडवा खराटा

एर्गाश अकांनी देवाकडे मागितलं असतं तर त्यांना काय मिळालं असतं, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. आमच्या पीराच्या दर्ग्याची रीत अशी: चाळीस सकाळी, सूर्य उगवायच्या आत, एकही खाडा न करता अंगण झाडायचं. चाळिसाव्या दिवशी खराटा उंबऱ्यावर आडवा ठेवायचा, मनातलं बोलायचं आणि मागे न बघता घरी जायचं. त्या हाताने पुन्हा या अंगणात खराटा धरायचा नाही. माणशी एकच मागणं. एवढ्यावर लोकांना मुलगे झालेत, रशियात हरवलेले नवरे सापडलेत. अकांनी एकतीस वर्षं झाडलं. चाळीस-चाळीस सकाळींचे दोनशे ब्याऐंशी फेरे झाले. साऱ्या बुखाऱ्यात इतका वजनदार उमेदवार नव्हता आणि त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

मी तुराब, या दर्ग्याचा राखणदार. माझी चूल मागणाऱ्यांच्या जिवावर पेटते, म्हणून मागणारे मी ओळखतो. एकोणचाळीस दिवस तुतीचं पान न् पान वेचतात आणि चाळिसाव्या दिवशी अर्धं अंगण तसंच सोडून उंबऱ्याकडे धावतात. अका मात्र हौदाच्या शेवटच्या पायरीमागचा कोपरासुद्धा झाडायचे. तिथे बेडकाशिवाय कुणाची नजर जात नाही.

त्यांचे पहिले चाळीस दिवस भरले तेव्हा त्या वेळचे राखणदार, माझे वडील, वाट बघत उभे होते. अकांनी खराटा खिळ्याला अडकवला.

"अरे, माग की!"

"काय मागू? मला आवडलं. उद्या येतो."

मशिदीतले मुल्ला कुरकुरायचे, "एर्गाश, झाडणं काही नमाजासारखं फर्ज नाही."

"फर्ज करतोच की, मुल्लाजी. ते सगळ्यांचं आहे. हे माझं आहे."

त्यांची बायको मस्तुरा आपा दर्ग्याला 'माझी सवत' म्हणायच्या. "पहाटे उठून जातात, येताना अंगाला धूळ लावून येतात. दुसऱ्या बाईकडे गेले असते तर निदान अत्तराचा वास आला असता!"

तुतीची पानं पिवळी पडत होती तेव्हा आपांच्या पोटात गाठ निघाली. लेक नोदिरा ताश्कंदच्या इस्पितळात परिचारिका आहे. तिने खटपट करून ऑपरेशनची तारीख मिळवली. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत काढली तर बाई वाचेल. पण आपांची थोरली बहीण अशीच ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती. पिशवी भरलेली, शालीत बांधलेले चार नान तयार आणि आपा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

मी भेटायला गेलो. अका दूध आणायला गेले होते.

"तुराब, खरं सांग. यांनी माझ्यासाठी मागितलं का रे?"

नव्हतं मागितलं. गल्लीतल्या साऱ्यांनी सांगून पाहिलं होतं, मीही सांगितलं होतं. अका म्हणायचे, "आजवर प्रेमानं झाडलं. आता मागितलं तर ती सगळी मजुरी ठरेल रे."

पण आपांचा चेहरा बघवेना. वाटलं, बाईला तेवढाच धीर येईल, निघेल ताश्कंदला. मी म्हणालो, "मागितलं, आपा. आजच. खराटा उंबऱ्यावर आडवा पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला."

आपा उठून बसल्या. पिशवी ओढली आणि एकेक कपडा बाहेर काढायला लागल्या.

"हे काय करताय?"

"आता सुरी कशाला? एकतीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलंय त्यांनी. नाही म्हणायला देव काय आपला नगरपालिकेचा साहेब आहे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे अका खराटा हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले. "तिला काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. म्हणालो, "चला, आत्ता जाऊन खरं सांगू. रागावेल, पण गाडीत बसेल."

"काल तिने आठ दिवसांनी पोटभर खाल्लं," अका म्हणाले. "माझा हात धरून म्हणाली, 'शेवटी मला सवतीच्या वर बसवलंत तुम्ही.' तिला सांगू, की नाही बसवलं?"

खरं तर तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. पण माझा धंदाच मागण्याचा. दोनशे ब्याऐंशी फेऱ्यांमागून मागणं जाणार, तर लागू पडेलही, असं मलाही वाटलं.

त्या दिवशी अका फार सावकाश झाडत होते. ऊन हौदात उतरलं तरी झाडतच होते. मग खराटा उंबऱ्यावर आडवा ठेवला, ओठ हलले आणि मागे न बघता निघून गेले. माझं खोटं त्यांनी खरं करून दिलं.

आपा सदतिसाव्या दिवशी गेल्या. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत होत्या, "माझ्यासाठी मागितलंय हो त्यांनी." नोदिरा मातीच्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. "अम्माला उचलून नेलं असतं तर वाचली असती, तुराबकाका. तिला कुणी सांगितलं, की जाऊ नकोस?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

आता अका रोज पहाटे येतात आणि फाटकाबाहेर दगडावर बसतात. आत दुसरे झाडत असतात. एकदा मी खराटा घेऊन बाहेर गेलो.

"घ्या हो. राखणदार मी आहे. मी सांगतो, घ्या."

"मी मागितलंय ना."

"पण मिळालं कुठे?"

"मिळण्याचा काय संबंध? मागितलं."

"रागावलात का देवावर?"

"नाही रे. करमत नाही. सकाळी हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही."

आतून कुणीतरी भराभर झाडत असल्याचा आवाज येत होता. "तो कोपरा राहतोय बघ," ते पुटपुटले.

मस्तुरा आपांनी जीव दिला. नोदिराने आई दिली. अकांनी बायको दिली, वर आपल्या सकाळी दिल्या. खोटं मी बोललो होतो आणि माझ्याकडे अजून कुणी काही मागितलेलं नाही.