उगवतीची उशी

इंदुबाई वाशीमकडच्या गावाहून कोथरूडला नातवाकडे आल्या, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी अंथरलेली गादी पुन्हा गोळा केली.

"पोरी, इथं सूर्य कोनीकडून निघते?"

नातसून नम्रता पुण्यातच वाढलेली. "आजी, फ्लॅटमध्ये दिशा बिल्डर ठरवतो."

आजी हसली. स्वतःच गॅलरीत जाऊन आभाळ बघून आली. गादी फिरवली, उशी थोपटली आणि जात्यावरच्या सुरात म्हणाली :

उगवतीला माझी उशी, मावळतीला पाय
दक्षिणेच्या धन्या, आता करशील तू काय

हिंजवडीहून कामावरून आलेला नातू तेजस बूट काढत होता. "आजीची सिस्टीम जुनी आहे," तो म्हणाला, "पण हँग होत नाही."

आठवडाही झाला नाही तोच आजीला ताप भरला. श्वास भात्यासारखा वर-खाली होऊ लागला. रिक्षा, कॅज्युअल्टी, एक्स-रे, न्यूमोनिया निघाला. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला, हाताला सलाइन लागलं. तेजसनं गावी फोन केला. वडील वैजनाथराव म्हणाले, "मी निघालोच. तवर मायले एकटं सोडू नका."

रात्री तेजस आजीपाशी थांबला. सकाळी नम्रता वॉर्डात पोचली, तेव्हा सिस्टर सलाइन नव्यानं लावत होत्या.

"तुमच्या आजी सारख्या उलट्या फिरतात. उशीकडे पाय, पायथ्याला डोकं. सुई निघते, मास्क निघतो. आम्ही सर्कस बघायला बसलोय का इथे?"

डॉक्टर आले. चार्ट बघून तेजसला म्हणाले, "ऑक्सिजन कमी पडला की भ्रम होतो. मास्क राहिलाच पाहिजे. दुपारच्या राउंडपर्यंत शांत झाल्या नाहीत, तर हात बांधून झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल. या वयात त्यानं श्वास आणखी मंदावू शकतो. मग व्हेंटिलेटर."

तेजस आजीवर वाकला. "आजी, असं काय करतेस गं? पडून राहा ना."

आजीनं मास्कच्या आडून मान हलवली आणि सुईचा हात खिडकीकडे केला.

"ऊन लागतंय त्यांना," सिस्टर म्हणाल्या आणि पडदा ओढून घेतला. आजीनं डोळे मिटले. मिटल्या पापणीतून पाणी कानाकडे ओघळलं.

नम्रता पडद्याकडे बघत राहिली. पडद्यामागचं कोवळं ऊन आजीच्या डाव्या अंगाला होतं. म्हणजे डावीकडे पूर्व. पाय दक्षिणेला. डोकं...

"तेजस, आपल्यात उत्तरेला डोकं करून कोणाला ठेवतात?"

आजोबा गेले तेव्हा त्यांना ओसरीवर तसंच ठेवलेलं तेजसनं पाहिलं होतं.

"त्यांना भ्रम नाही झालेला," नम्रता म्हणाली. "चांगलं कळतंय, म्हणून फिरतायत. सिस्टर, बेड वळवू या. उशी खिडकीकडे."

"ऑक्सिजन भिंतीला आहे, मॅडम. भिंत नाही वळत."

"भिंत राहू दे. नळी लांब आहे आणि बेडला चाकं आहेत."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तर?"

"सांगा, पेशंटची नातसून भांडकुदळ आहे. खोटं नाही ते."

सिस्टरांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी चाकांचा ब्रेक काढला. तेजसनं पायथा धरला, नम्रतानं नळी सांभाळली. कोपऱ्यातला बेड आडवा झाला. नम्रतानं पडदा सारला. ऊन उशीवर उतरलं, पांढऱ्या केसांत शिरलं. आजीनं मान मागे करून खिडकी पाहिली, एकवार पायांकडे पाहिलं आणि अंग सैल सोडलं. शेतावरून आलेल्या बाईला लागावी तशी झोप तिला लागली.

दुपारच्या राउंडला डॉक्टर आडव्या बेडला अडखळले. मग त्यांनी मशीनवरचे आकडे पाहिले आणि मास्क जरा बाजूला केला.

"आजी, कुठे आहात तुम्ही?"

"पुन्यात. दवाखान्यात." आजीनं दम घेतला. "अन् उशाले उगवती हाय."

"इंजेक्शन नको," डॉक्टर सिस्टरांना म्हणाले. "बेड असाच असू दे. फक्त जायला वाट ठेवा."

ते गेल्यावर नम्रता वाकली. "आजी, मला खूण करून तरी सांगायचं. दक्षिण म्हणून."

"पाय तिकडं असतानी त्याचं नाव काढलं का तो ओ देते, पोरी." आजीचे डोळे लुकलुकले. "भेटला का मग बिल्डर?"

"भेटला. तुम्हाला घाबरून पळाला."

आजीनं मास्क आपल्या हातानं नीट बसवला. आत ओठ हलत होते. मास्कवर वाफ येत होती, जात होती. पहिली ओळ नम्रतानं ओठांवरून ओळखली. दुसरी तिनं स्वतः म्हटली, वॉर्डाला ऐकू जाईल अशी.