तळ्याकाठची सही

बेथेल क्रीक विद्यापीठावर राज्य सरकार देखरेख अधिकारी बसवणार हे कळलं, तेव्हा अर्नेटा गेलार्डने मनाची पूर्ण तयारी केली. राजधानीतून कोणी तरी गोरा, निळ्या सुटातला, घड्याळाकडे बघत बोलणारा साहेब येणार. त्याला गोड गार चहा पाजायचा, मागेल ते कागद दाखवायचे आणि काही झालं तरी जीभ आवरायची. हे तिने आरशासमोर उभं राहून घोकलंसुद्धा होतं. पण एप्रिलमधल्या त्या सकाळी गाडीतून उतरला तो ऑरिन मॅबरी. चाळिशीचा, उंच, हसरा आणि तिच्याचसारखा काळा. अर्नेटाचा जीव भांड्यात पडला. मग तिची नजर गाडीच्या मागच्या काचेकडे गेली. तिथे वेदरली स्टेटचा पिवळाधमक स्टिकर होता.

"अरे देवा," ती अध्यक्षांच्या कानाशी लागली, "यापेक्षा गोरा साहेब परवडला असता."

वेदरली म्हणजे तासाभराच्या अंतरावरचं दुसरं विद्यापीठ, बेथेल क्रीकसारखंच काळ्यांसाठी उभारलेलं. इकडच्या मुली तिकडे दिल्यात, तिकडच्या मयतीला इकडून माणसं जातात, सगळं खरं. पण फुटबॉलच्या सामन्याचा आठवडा उजाडला की सख्खी भावंडं एकमेकांचे फोन उचलत नाहीत.

अर्नेटा विद्यापीठाचा पैसा सांभाळायची. वित्त विभागाची उपाध्यक्ष. साठीला टेकलेली, बुटकी, ठसठशीत, बोलायला फटकळ. राज्याच्या रस्तेखात्यात हयात घालवून निवृत्त झाली होती आणि नवऱ्याबरोबर मासे धरत बसायचा तिचा बेत होता. तेवढ्यात तिच्या जुन्या विद्यापीठाने गळ घातली. आधीच्या माणसाने तिजोरीत डोकावून न बघता शिष्यवृत्त्या कबूल केल्या होत्या, दोन वर्षांचे ताळेबंद रखडवले होते आणि ऐन वेळी टेक्सासात नोकरी धरून तो मोकळा झाला होता. तो पसारा अर्नेटाच्या पदरात पडला. सरकार चिडलं होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं, हे ती स्वतःही कबूल करायची. पण चिडलेल्या सरकारने हिशेबखात्यातल्या रिकाम्या जागाच गोठवून टाकल्या. माणसं नाहीत म्हणून हिशेब उशिरा, आणि हिशेब उशिरा म्हणून माणसं नाहीत. त्यावर आणखी एक फर्मान निघालं: किरकोळ खरेदीला ऑरिनची सही, आणि पंचवीस हजार डॉलरांच्या वर काहीही घ्यायचं तर राजधानीत वित्त संचालक होलिस पेटिग्रू यांची.

ऑरिनला झेरॉक्सच्या मशीनशेजारची खोली मिळाली. चहा देणारी बाई "वेदरलीवाल्यांना साखर मोजूनच झेपते" म्हणत अर्धाच पेला भरायची. तो हसून प्यायचा. प्रश्न मात्र फार विचारायचा. हे कशाला घेतलं, ते कुणी मंजूर केलं, छप्पर गळतं ते कुठलं, दाखवा. स्वतः शिडी चढून छपरावर जायचा. अर्नेटा त्याच्याशी चोख वागायची आणि कामापुरतं बोलायची. "हो मिस्टर मॅबरी," "नाही मिस्टर मॅबरी," बस्स.

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सोमवारच्या सुट्टीला जोडून आलेल्या शनिवारी सकाळी दोन मोठ्या वसतिगृहांना गारवा पुरवणारा प्लँट धाडकन बंद पडला. मुलं नुकतीच राहायला आली होती. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. दुपारच्या आत मुलं गाद्या घेऊन व्यायामशाळेत आली आणि आयांचे फोन सुरू झाले. आयांकडे अर्नेटाचा खासगी नंबर कुठून आला, देव जाणे.

मेकॅनिकने हात वर केले. नवा प्लँट यायला महिने लागणार. ट्रकवरून येणाऱ्या भाड्याच्या प्लँटचे दर तीन कंपन्यांनी कळवले, पण लगेच मिळत होता तो एकच, तोही संध्याकाळपर्यंत पक्की ऑर्डर दिली तर. नाही तर तो कुठल्याशा कसिनोला जाणार होता. भाडं सत्तर हजारांच्या घरात. पेटिग्रूंचं ऑफिस मंगळवारी उघडणार होतं आणि त्यांचा फोन नुसता वाजत होता.

विद्यापीठाचे अध्यक्ष डॉ. थॅडियस ब्रॉडनॅक्स अर्नेटाच्या खोलीत येरझारा घालत होते. आवाज चर्चमधल्या प्रवचनासारखा, कुजबुजले तरी व्हरांड्यात ऐकू जाणारा.

"अर्नेटा, तो भाडेवाला तीन बिलं करून द्यायला तयार आहे. प्रत्येक बिल पंचवीसच्या खाली. राजधानी नको, कटकट नको."

अर्नेटा खिडकीकडे वळली. खिडकीतून तिला व्यायामशाळेच्या पायऱ्या दिसत होत्या. एक मुलगी वहीने वारा घेत होती आणि दुसऱ्या हाताने मैत्रिणीच्या मानेवर ओला रुमाल धरून होती. तीन बिलं. कोण बघणार होतं? तिच्या मनाने क्षणभर हो म्हटलं. मग तिने मान वळवली. दारात ऑरिन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण त्याने डोळेसुद्धा मोठे केले नाहीत.

"नाही डॉक्टर," ती म्हणाली. "असल्याच उद्योगांपायी ह्यांना आपल्या मानगुटीवर बसवलंय. मी ते करणार नाही."

"मग काय, मुलांना शिजू द्यायचं?"

अर्नेटा उठली आणि तिने पर्स काखोटीला मारली. "मिस्टर मॅबरी, तुमचे साहेब सुट्टीत कुठे असतात?"

"तळ्यावर. तिथे त्यांचं लाकडी घर आहे. दोनेक तासांवर." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "मॅडम, त्यांच्या घरी? न कळवता?"

"सकाळपासून कळवतोच आहोत. ते उचलत नाहीत. गाडी काढा. माझी गॅरेजात आहे."

असा तिला वेदरलीच्या स्टिकरवाल्या गाडीत बसायचा योग आला. गाव सुटेपर्यंत ती सीटमध्ये खाली सरकून बसली होती.

"आमच्या माजी विद्यार्थी संघाने ह्या गाडीत बघितलं तर माझं नाव कापतील."

"मग डिकीत बसता का?" ऑरिनने विचारलं.

तिला हसू आलं, आणि आलं ते थांबेना. पुढे रस्त्याकडेच्या टपरीवर तिने उकडलेल्या शेंगांची ओली, गरम पुडी घेतली आणि मध्ये ठेवली. शेंगा सोलता सोलता तिने विचारलं, "ही पहारेकऱ्याची नोकरी कशाला पत्करली हो तुम्ही? चांगलं शिकलेले दिसता."

"मी वेदरलीत होतो तेव्हा आमच्यावरही असाच एक माणूस बसवला होता," तो म्हणाला. "दोन वर्षं होता. खोलीबाहेर कधी पडलाच नाही. आमच्या वसतिगृहात हिवाळाभर गरम पाणी नव्हतं आणि तो पाण्याच्या बंबाचा खर्च नामंजूर करत होता. त्याने बंब बघितलाच नव्हता. तेव्हा ठरवलं, हे काम माझ्याकडे आलं तर मी आधी बंब बघीन."

अर्नेटाने एक शेंग सोलली आणि दाणे त्याच्या हातावर ठेवले. "खा रे बाळा," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

तळ्याकाठी पेटिग्रूंच्या अंगणात निम्मं गणगोत जमलं होतं. खुद्द संचालक अर्ध्या चड्डीत, पोटावर एप्रन बांधून, हातात चिमटा घेऊन धुरात उभे होते. समोर डुकराच्या बरगड्या चरचरत होत्या.

"ऑरिन?" त्यांनी डोळे चोळले. "आणि मिसेस गेलार्ड? कोणी गेलं की काय?"

"अजून नाही," अर्नेटा म्हणाली. "तेवढ्यासाठीच आलोय."

तिने प्लँटचं सांगितलं, तीन कंपन्यांचे दर पुढे केले. पेटिग्रूंनी ते न बघता बरगड्या उलटवल्या.

"माझा फोन घरात पडलाय. पण मला एक सांगा मिसेस गेलार्ड, हे दर वेळी तुमच्याकडेच कसं होतं? राज्याच्या मोठ्या विद्यापीठाकडून कधी कोणी माझ्या अंगणात आलेलं नाही."

अर्नेटाच्या जिभेवर जे आलं, ते आरशासमोर घोकलेल्यातलं नव्हतं. तिने ते गिळलं. "हा प्लँट बदलायचा म्हणून आम्ही दर वर्षी मागणी करतो, साहेब. दर वर्षी तुमच्याकडे त्यावर काट मारली जाते. मोठ्या विद्यापीठाचा प्लँट नवा आहे."

"पैसे हाताळता येत नसतील तर कुणी कसे द्यावेत?"

"सर," ऑरिन म्हणाला.

तो इतका वेळ कुंपणाशी उभा होता. आता पुढे आला. "पाच महिने झाले मला तिथे. मी चोरी शोधायला गेलो होतो. खरं सांगतो, वेदरलीचा आहे, सापडली असती तर मला थोडा आनंदच झाला असता. आधीच्या माणसाचा गलथानपणा सापडला, तो मी लिहिलाय. पण आज हिशेब रखडतात ते माणसं नाहीत म्हणून. अकरा जणांचं काम पाच जण करतात. जागा गोठवल्याच्या पत्रावर तुमची सही आहे. आणि आजच ह्या बाईंना तीन बिलं करून तुम्हाला टाळता आलं असतं. मी दारात उभा होतो. त्या इथे आल्या."

मागे पोरं पाण्यात उड्या मारत होती. पेटिग्रूंनी चिमट्याने निखारे सारखे केले.

"ते पत्र माझं आहे?"

"हो सर. मागच्या वर्षीचं."

"असेल. ढिगाने सह्या करतो मी." त्यांनी चिमटा मेव्हण्याच्या हातात दिला, एप्रनला हात पुसले आणि तिन्ही दर नीट वाचले. एक प्रश्न विचारला, तोही रास्त होता: भाडं महिन्याचं की आठवड्याचं? मग बर्फाच्या पेटीच्या झाकणावर कागद टेकवून त्यांनी सही केली. कोपऱ्यात तेलकट अंगठा उमटला. ऑरिनने तिथल्या तिथे फोटो काढून भाडेवाल्याला पाठवला.

मिसेस पेटिग्रूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बरगड्या उत्तम होत्या. बटाट्याच्या सॅलडमध्ये मात्र मनुका होत्या, काळ्या घरांत कोणी स्वप्नातही टाकणार नाही अशा. अर्नेटा आणि ऑरिनने एकमेकांकडे बघितलं. बेथेल क्रीक आणि वेदरलीचं इतकं एकमत आजवर कधी झालं नव्हतं. दोघांनी निमूटपणे मनुका ताटाच्या कडेला सारल्या.

रविवारी प्लँट घेऊन ट्रक फाटकातून आत आला तेव्हा बँडमधली पोरं ढोल घेऊन त्याच्यापुढे नाचत होती. ड्रायव्हर बिचारा भांबावून सगळ्यांना हात करत होता.

ऑक्टोबरात विधिमंडळाच्या समितीसमोर सुनावणी झाली. एका सिनेटरने चष्म्यावरून विचारलं, "सुट्टीच्या दिवशी सरकारी अधिकाऱ्याच्या घरी जाऊन धडकणं तुम्हाला योग्य वाटलं?"

"नाही साहेब," अर्नेटा म्हणाली. "पण गरमीला सुट्टी नव्हती."

हशा पिकला. ऑरिनने आपला अहवाल वाचला, त्यात विद्यापीठाच्या चुका होत्या आणि सरकारच्याही. निकाल अर्धामुर्धाच आला. देखरेख पुढच्या जूनपर्यंत कायम. पण गोठवलेल्या सहाही जागा मोकळ्या, पेटिग्रूंच्याच शिफारशीवरून. डॉ. ब्रॉडनॅक्स गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत "जूनपर्यंत! अजून जूनपर्यंत!" करत होते. माजी विद्यार्थ्यांचे संतापाचे फोन आले. कोणी म्हणालं, कोर्टात जा. कोणी म्हणालं, आपल्याच माणसांनी आपल्याला बांधून दिलं. अर्नेटाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. राग तिलाही होता. गोऱ्यांच्या त्या मोठ्या विद्यापीठाचे ताळेबंद उशिरा आले असते तर त्यांच्या दारात कोण बसलं असतं, हा प्रश्न तिने नवऱ्याला रोज रात्री जेवताना विचारला. त्यानेही रोज उत्तर दिलं, "कोणी नाही. भात वाढू?"

पण सकाळी ऑफिसात शिरताना तिचं पाऊल हलकं पडायचं. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी, नव्या माणसांपैकी पहिले दोघे रुजू झाले: बँकेतून आलेली एक शांत बाई आणि एक बडबड्या तरुण. रुजू झाल्या झाल्या त्यांची टेबलांवरून जुंपली, कारण रखडलेल्या फायलींनी भरलेल्या हिशेबखात्याच्या खोलीत दोघांपुरती जागाच नव्हती. दोघंही तक्रार घेऊन एकदमच तिच्या दारात आले.

अर्नेटाने आपल्या खोलीकडे नजर टाकली. मग खुर्चीतून उठून तिने कपाटाला खांदा लावला.

"बघत काय उभे राहिलात? दुसरी बाजू धरा," ती म्हणाली. "ह्या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत तुमचं. खिडकी मात्र माझी."