खिडकीतलं वारं

आमच्या गावात माणसाला काहीही झालं तरी दोष खिडकीला, तिच्यातून लागलेल्या वाऱ्याला जातो. मान धरली, खिडकी. दात ठणकला, खिडकी. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडणारी सून घराच्या जिवावर उठलेली असते, असं माझ्या सासूबाई मारिच्का ठाम मानतात. नवी नवरी होते तेव्हा मला याचं हसू यायचं. आता येत नाही.

गोचिडींना मात्र आम्ही कोणी भीक घालत नाही. उन्हाळाभर उतारावरचं गवत कापायचं, संध्याकाळी बाकावर बसून एकमेकांच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्यानं उपटायच्या आणि जेवायला बसायचं. माझा नवरा इझिडोर म्हणायचा की ज्याला गोचीड लागली नाही तो कामचुकार. त्या वर्षीची एक गुडघ्यामागे लागली असावी. तिथे लाल कडं उठलंही असेल. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या गुडघ्यामागे कोण बघतं?

सप्टेंबरात त्याच्या खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं, रात्री तर फारच. गवत कापून पाठ भरली असेल म्हणून मी मलम चोळत राहिले. मग एका सकाळी कॉफी त्याच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळली आणि उजवा डोळा मिटेना.

इझिडोर गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वाजवायचा. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरताना ट्रम्पेट वाजतं, त्याशिवाय मेलेला माणूस नीट गेला असं कोणाला वाटत नाही, आणि गेली कित्येक वर्षं ते काम त्याचंच. त्याचा थोरला भाऊ लुडविक त्याच बँडमध्ये ढोल बडवायचा. लुडविकच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा त्यानं धाकट्याकडून एकच वचन घेतलं होतं. माझ्या वेळी तू वाजवायचंस, आणि सुरात.

तोंड वाकडं झालं म्हटल्यावर सगळ्या गावाला कारण ठाऊकच होतं. बँडच्या सरावाला इझिडोर उजवीकडच्या खिडकीशी बसतो. सासूबाईंनी आपला लोकरीचा स्कार्फ त्याच्या डोक्याला गुंडाळला आणि तापवलेलं मीठ मोज्यात भरून गालाला लावलं. त्या ठार बहिऱ्या आहेत, त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे पाटीवर लिहावं लागतं. बदलीवर आलेल्या डॉक्टरनं सूज उतरायच्या गोळ्या दिल्या आणि असं होतं, जाईल आपोआप, म्हणाला. मीही घरातल्या खिडक्यांच्या फटींत कापड कोंबलं. असे दिवस गेले आणि एका सकाळी डावी बाजूही पडली.

लुडविक काठी टेकत आला. भावाच्या सपाट चेहऱ्यासमोर काठी रोवून उभा राहिला.

"उजवीकडे खिडकी, ते ठीक," तो म्हणाला. "डावीकडे तर मी बसतो. माझ्यात कुठं एवढं वारं उरलंय?" मग तो माझ्याकडे वळला. "गाडी काढ, त्स्वेत्का."

राजधानीत, ल्युब्लियानाच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं आणि लाइम निघाला, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार, नसांपर्यंत पोचलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोचीड चावल्याचं आठवतं का. इझिडोरनं लुळ्या तोंडानं विचारलं, त्यातली कुठली. सलाइनमधून औषध सुरू झालं. पाठीचं दुखणं असं थांबलं की तो रात्रभर घोरला आणि मी आनंदानं रडले. मला वाटलं, सुटलो.

घरी सोडताना बाईंनी सरळ सांगितलं, "जंतू मेलेत. औषधाचं काम संपलं. पण नसेला किती मार बसलाय ते तिचं तीच सांगेल." आधी आलो असतो तर, असं मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली, तेवढं पुरलं.

नाताळपर्यंत डावी बाजू परत आली. उजवा डोळा मिटू लागला. ओठाचा उजवा कोपरा मात्र मेलेलाच राहिला. मेणबत्ती विझवायचा व्यायाम दिला होता. तो फुंकायचा, ज्योत जागची हलायची नाही, हवा कोपऱ्यातून निसटून जायची. अंथरुणाला खिळलेला लुडविक आपल्या खाटेवरून बघायचा. "मी थांबतो," तो म्हणायचा. "तू तेवढी मेणबत्ती विझव."

लुडविकच्या वेळी वाजवायला शेजारच्या गावचा ट्रम्पेटवाला आपणहून यायला तयार होता. इझिडोरनं त्याला दारातून परत पाठवलं. मी म्हटलं, अरे, सूर लागत नाही तर हट्ट कशाला? तो ट्रम्पेट उचलून बाहेर निघून गेला. गोठ्यात जाऊन वाजवायचा, आणि आतून फक्त फुसफुस ऐकू यायची. माझं काळीज तुटायचं आणि रागही यायचा, त्याचा, गोचिडीचा, त्या मोज्यातल्या मिठाचा.

बर्फ वितळताना लुडविक गेला. थांबून थांबून किती थांबणार?

दोर सुटले, पेटी उतरू लागली, इझिडोरनं ट्रम्पेट ओठाला लावलं. पहिला सूर अर्धा आला. मग नुसती हवा. त्यानं अंगठ्यानं ओठाचा कोपरा दाबून धरला, तरी नुसती हवा. उजवा गाल फुग्यासारखा फुगला. चांगला वाजवणारा गाल फुगू देत नाही, हे गावातल्या पोरांनाही कळतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाद्र्यानं पुस्तक मिटलं आणि वाट बघत राहिला. इझिडोर थांबला नाही. पूर्ण धून संपेपर्यंत तो खड्ड्यावर हवा फुंकत उभा होता, आणि मला ते पेटीवर माती पडण्यापेक्षाही वाईट वाटलं.

एकट्या सासूबाई मान वर करून बघत होत्या. कान गेल्यापासून त्या धाकट्याचं वाजवणं त्याच्या तोंडावरूनच ऐकतात. तो फुगलेला गाल बघून त्यांचे डोळे भरून आले.

त्या पुढे झाल्या. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सगळ्या दफनभूमीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "किती जोरात वाजवलंस रे पोरा. लुडविकला पोचलं. मी म्हणत होते ना, ऊब मिळाली की बरं होतं?"

मग गळ्यातला स्कार्फ काढून त्यांनी त्याच्या गालावर गुंडाळला. मार्चचं ऊन पडलं होतं, कुठे झुळूक नव्हती. इझिडोरनं मान वाकवली आणि आईला गाठ मारू दिली.