लाँड्रीतला मळका टॉवेल

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, हे मी धरूनच चाललो आहे. मी एक जुना टॉवेल आहे आणि आज चांगलाच मळका आहे. गंमत म्हणजे मी राहतो लाँड्रीत. चारी बाजूंना इस्त्री केलेल्या कपड्यांच्या थप्प्या आणि मधोमध जमिनीवर मी. असे का, ते ऐका.

माझा जन्म एका गिरणीत झाला. पांढराशुभ्र, जाड, काठाला निळी पट्टी. तिथून मी एका हॉटेलात गेलो. काय थाट होता माझा! रोज नवा पाहुणा, रोज गरम पाण्याची आंघोळ. पाहुणे मला गालाला लावून "किती मऊ आहे" म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो. पुढे कुणीतरी माझ्याने केसांचा रंग पुसला. डाग निघेना. माझी रवानगी फरशी पुसायला झाली आणि काठ उसवल्यावर अडगळीत.

एकदा आम्हा टाकाऊंचे गाठोडे हॉटेलाने एका संस्थेला दिले. टाकून दिलेली कुत्री आणायची, त्यांना बरे करायचे आणि घर शोधून द्यायचे, हे त्या संस्थेचे काम. ते सारे सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी मला झटकले आणि एका कोपऱ्यात अंथरले. तिथे खारीक होती.

खारीक म्हणजे खारकेच्याच रंगाची, एक कान फाटलेली कुत्री. पिल्ले होणार असतानाच तिच्या मालकांनी घर बदलले आणि तिला मागे ठेवले. तिची पिल्ले माझ्यावर जन्मली. त्यांनी मला चावले, ओढले, माझ्यावर नको ते सगळे केले. मला राग आला नाही. इतकी वर्षे मी लोकांना पुसत होतो. पहिल्यांदाच कुणी माझ्यात शिरून झोपत होते.

पिल्लांना एकेक करून घरे मिळाली. दर वेळी खारीक माझ्यात नाक खुपसून पडून राही. पिल्लांचा वास तेवढा माझ्यापाशी उरला होता. आईला मात्र कुणी विचारीना.

मग लाँड्रीवाले काका आणि काकू आले. लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून घर त्यांना खायला उठत होते. आले होते पिल्लू न्यायला, पण काकू खारीकपाशी बसल्या त्या उठेचनात.

"पिल्लाला काय, कुणीही नेईल," त्या म्हणाल्या. "हिलाच नेऊ या की."

ताईंनी मलाही सोबत दिले. "हा टॉवेल तिच्याजवळ राहू द्या. धुऊ नका हं." काकांनी मान डोलावली.

आता काकांचा स्वभाव सांगतो. गिऱ्हाईक "राहू द्या हो, हा डाग नाही जायचा" म्हणाले, की त्यांच्या अंगात यायचे. डाग घालवून कपडा पुढे ठेवायचा आणि गिऱ्हाइकाचे तोंड पाहायचे, ही त्यांची खरी मजुरी. मळका टॉवेल देताना ताईंना संकोच वाटला असणार, असे त्यांनी धरले. दुसऱ्याच दिवशी मी गरम पाण्यात! हॉटेलात न गेलेला डागसुद्धा त्यांनी काढला. खरे सांगतो, मी हरखून गेलो.

काकांनी मला मोठ्या हौसेने खारीकसमोर अंथरले. तिने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगले. मग माझ्यावरून चालत गेली आणि पलंगाखाली, दाराआड, मळक्या कपड्यांच्या ढिगात शोधत फिरली. मी समोरच होतो आणि ती मलाच शोधत होती. इतके वाईट मला अडगळीतही वाटले नव्हते.

तिने खाणे सोडले. काकांनी ताईंना फोन करून सगळे सांगून टाकले. ताई म्हणाल्या, "पिल्लांचा वास होता हो त्यात. तो आता कुठून आणायचा? खात नसेल तर परवा गाडी घेऊन येते. परत नेते तिला."

काकांनी फोन ठेवला. "चांगलं करायला गेलो गं मी."

"ते कळतंय हो," काकू म्हणाल्या. "पण आपल्या घरात साबणाशिवाय कसला वास येतो, सांगा बरं? चादरी धुतलेल्या, पडदे धुतलेले. इथे माणसं राहतात, हे तिला कळावं कसं?"

काकांनी मला उचलून खांद्यावर टाकले.

इस्त्री करताना मान पुसली ती माझ्याने, जेवून हात पुसले ते माझ्याने. भांडी घासून काकूंनीही ओले हात मला पुसले. संध्याकाळी काका सवयीने मला घेऊन बादलीकडे निघाले.

"अहो!"

"बघत होतो नुसता," काका म्हणाले आणि मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचे दार ओढून ते मला मांडीवर घेऊन भिंतीला टेकले. त्यांचा डोळा लागला. खारीक आली. हुंगत राहिली. पिल्लांचा वास माझ्यात नव्हता. तो गेला तो गेलाच. पण आता मला कुणाचा तरी वास होता. तिने माझ्यावर हनुवटी टेकली आणि मोठा श्वास सोडला. काका जागे झाले, पण पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. त्या संध्याकाळी तिने वाटी चाटूनपुसून साफ केली.

ताई गाडी घेऊन आल्या, तेव्हा खारीक माझ्यावर पसरली होती. तिने शेपूट आपटून त्यांचे स्वागत केले, पण उठली नाही. ताईंनी आणलेला पट्टा परत पिशवीत टाकला.

"काका," त्या डोळे टिपत म्हणाल्या, "टॉवेल फारच मळलाय हो."

"राहू द्या," काका म्हणाले. "धुवायचा नाहीये तो."

मित्रांनो, मी सगळ्यांचा ऋणी आहे. मला टाकून देणाऱ्या हॉटेलाचासुद्धा, नाहीतर खारीक मला कुठून भेटली असती? मागणे एवढेच. खारीकसारखे कुणी तुमच्या घरी आले, तर त्याच्यासोबतचे फाटके-मळके लगेच धुऊ नका, फेकू नका. त्याने आणलेले सामान तेवढेच असते. आणि रोज थोडा वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बसा.

आता थांबतो. दुकानाचे दार ओढल्याचा आवाज आला. खारीक सरकून काकांना जागा करते आहे.